कच्ची खतावणी कुठं लिहिली जाते? मायएसक्यूएलच्या टेम्पररी टेबलांची गोष्ट, कृतीसकट

मी एका साखर कारखान्यात केन अकाउंटची, म्हणजे उसाच्या हिशेबाची, सिस्टीम सांभाळते. तिचा डेटा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असतो. शेतकऱ्यानं ऊस घातला की १४ दिवसांत पैसे द्यायचे, असं १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. त्यामुळे गाळप हंगामात दर पंधरवड्याला बिलं निघतात, आणि त्या रात्री आमच्या खात्यात कुणी घरी जेवायला जात नाही.

काही हंगामांपूर्वी अशाच एका रात्री हेडक्लार्क अण्णांचा फोन आला. "मॅडम, गावनिहाय यादी निघंना. नुसतं चाक फिरतंय." सर्व्हर उघडून बघते तर डिस्क १०० टक्के भरलेली. आमचा सगळा डेटा मिळून साडेतीन जीबी, आणि डेटा डिरेक्टरीत आयबीटीएमपी१ नावाची एकच फाइल १४ जीबीची! मी मायएसक्यूएल रीस्टार्ट केलं, फाइल परत १२ एमबीची झाली, यादी निघाली. प्रश्न सुटला असं समजून मी झोपले. पुढच्या पंधरवड्याला पुन्हा तेच.

मग मी तेच केलं जे सगळे करतात: रॅम वाढवून मागितली, एक सेटिंग वाढवलं, आणि काहीच फरक पडला नाही. का पडला नाही ते पुढे येईलच. ज्यांच्या रिपोर्टचं चाक असंच फिरत असतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एक सूचना आधीच: सेटिंगांची आणि कमांडची नावं इथं देवनागरीत आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत, आणि सेटिंगांच्या नावात शब्दांमधल्या मोकळ्या जागी अंडरस्कोर.

आधी, ही टेबलं मुळात बनतात कशासाठी?

जुन्या हिशेबनीसाला हे लगेच कळेल. रोजकीर्दीत नोंदी तारखेनं पडतात: आज या शेतकऱ्याची खेप, मग त्या शेतकऱ्याची. माणसागणिक बेरीज हवी तर खतावणी करावी लागते. प्रत्येकाचं पान उघडायचं, कीर्दीतली एकेक नोंद वाचायची, ज्याची त्याच्या पानावर चढवायची. ग्रुप बाय म्हणजे हीच खतावणी. नोंदी आधीच शेतकऱ्याच्या क्रमानं लावलेल्या मिळाल्या तर वेगळी वही लागत नाही. एकाची बेरीज संपली की दुसऱ्याची सुरू. तशा मिळाल्या नाहीत तर सर्व्हरला कच्ची वही घ्यावी लागते. ती कच्ची वही म्हणजे इंटर्नल टेम्पररी टेबल. तुम्ही ती मागत नाही, तुम्हाला ती दिसत नाही, आणि क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) संपली की ती फाडून टाकली जाते.

ग्रुप बाय एका कॉलमवर आणि ऑर्डर बाय (क्रम लावणं) दुसऱ्यावर, डिस्टिंक्टच्या (दुबार ओळी गाळण्याच्या) जोडीला ऑर्डर बाय, साधं युनियन (दोन याद्या जोडून दुबार ओळी गाळणं), फ्रॉममधली ग्रुप बायवाली सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी), विंडो फंक्शन, या सगळ्यांत बहुधा कच्ची वही लागते. युनियन ऑल (दुबार ओळी न गाळता जोडणं) मात्र मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीपासून बहुतेक वेळा वहीशिवाय चालतं. दोन याद्यांत तीच ओळ दोनदा येऊच शकत नाही हे माहीत असूनही नुसतं युनियन लिहिणारे पुष्कळ भेटतात. मीही लिहायचे.

पहिलं काम: वही लागते का आणि कुठं लिहिली जाते, ते बघा

क्वेरीच्या पुढे एक्स्प्लेन लावा. एक्स्ट्रा या कॉलमात 'यूझिंग टेम्पररी' दिसलं तर वही लागते. पण एक्स्प्लेन इतकंच सांगतं. वही मेमरीत राहिली की डिस्कवर गेली हे त्याला चालवण्याआधी ठाऊक नसतं, आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं.

म्हणून हे करा. वेगळं कनेक्शन उघडा. 'फ्लश स्टेटस' द्या, म्हणजे तुमच्या सेशनचे, त्या एका कनेक्शनचे, आकडे शून्यावर येतील (त्याची परवानगी लागते, नसेल तर नवं कनेक्शनही पुरतं). मग क्वेरी खरोखर चालवा. मग 'शो सेशन स्टेटस लाइक' देऊन 'क्रिएटेड टीएमपी'नं सुरू होणारे आकडे मागा. तीन येतात: टेबलं किती बनली, त्यातली डिस्कवर किती, आणि फाइली किती. डिस्कचा आकडा शून्य असेल तर टेम्पररी टेबलांचा नाद सोडा, तुमचं दुखणं दुसरीकडे आहे (८.० मध्ये याला एक अपवाद आहे, तो पुढे येतो). यात एक गंमत आहे: 'शो स्टेटस' स्वतःच एक टेम्पररी टेबल वापरतं, त्यामुळे विचारल्यानंही सर्व्हरच्या एकूण टेबलांचा आकडा वाढतो. एखादा आकडा जास्त दिसला म्हणून घाबरू नका.

सगळ्या सर्व्हरवरचे गुन्हेगार एकदम हवे असतील तर सिस स्कीमामध्ये (सर्व्हरच्या स्वतःच्या माहितीच्या कप्प्यात) 'स्टेटमेंट्स विथ टेम्प टेबल्स' नावाचा तयार व्ह्यू आहे. कुठल्या प्रकारच्या क्वेरीनं मेमरीत किती टेबलं बनवली, डिस्कवर किती, शेकडा किती, सगळं एका ओळीत मिळतं. आमच्याकडे पहिल्या पाचांत चार क्वेऱ्या एकाच यादीच्या निघाल्या.

चालू असताना पकडायचं असेल तर 'शो प्रोसेसलिस्ट' बघत राहा. 'कन्व्हर्टिंग हीप टू ऑनडिस्क' अशी अवस्था दिसली की समजायचं, वही मेमरीत मावली नाही, आत्ता ती डिस्कवर उतरवून काढणं चाललंय.

वही जाड का होते

इथं मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण माझे दोन पंधरवडे इथंच गेले.

५.७ पर्यंत मेमरीतली कच्ची वही मेमरी इंजिनात लिहिली जायची (इंजिन म्हणजे टेबल प्रत्यक्ष साठवणारा भाग). या इंजिनाची एक खोड आहे: प्रत्येक ओळ ठरावीक मापाची. कॉलम व्हारकार २५५ (२५५ अक्षरांपर्यंतचा मजकूर) असेल तर आत काहीही असो, २५५ अक्षरांची जागा राखली जाते. कॅरॅक्टर सेट (अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) यूटीएफ८एमबी४ असेल तर एका अक्षराला ४ बाइट, म्हणजे कॉलममागे १०२० बाइट.

आता 'पांडुरंग' हे नाव घ्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. संगणकाला काना, अनुस्वार, उकार वेगळे धरून ८ दिसतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे नाव २४ बाइटांचं. त्या २४ बाइटांसाठी वहीत १०२० बाइटांची जागा!

आमच्या यादीत शेतकऱ्याचं नाव, गाव आणि उसाची जात असे तिन्ही कॉलम व्हारकार २५५चे होते. टेबलं बनवणाऱ्यानं सगळीकडे २५५ टाकून दिलं होतं (बनवणारी मीच). तीन कॉलमांचे ३०६० बाइट झाले. मेमरीतल्या टेबलाची मूळ मर्यादा १६ एमबी, म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट. भागाकार करा: फार तर ५४८२ ओळी. आमच्या यादीत ४५ हजार गट पडत होते. सहा हजारही ओळी व्हायच्या आत वही भरायची, आणि मग सगळं डिस्कवर.

त्यात शेरा हा टेक्स्ट प्रकारचा कॉलमही सिलेक्टमध्ये असेल तर मेमरीचा प्रश्नच मिटला. मेमरी इंजिनाला टेक्स्ट आणि ब्लॉब (लांब मजकुराचे आणि कच्च्या बाइटांचे कॉलम) झेपत नाहीत, त्यामुळे असं टेबल जन्मतःच डिस्कवर. यादीत शेरा छापला जात नव्हता, पण क्वेरीत 'सिलेक्ट स्टार', म्हणजे सगळे कॉलम, होतं.

म्हणून रॅमकडे बघण्याआधी ओळ बारीक करा. मी केलं ते असं. आतल्या सबक्वेरीत फक्त क्रमांक ठेवले: शेतकरी क्रमांक, गाव क्रमांक, जातीचा क्रमांक आणि वजनाची बेरीज. ग्रुप बाय त्यांच्यावरच. बाहेरच्या क्वेरीत त्या तयार बेरजांना नावांची टेबलं जोडली. आतली ओळ साधारण ४० बाइटांची झाली, आणि तेवढ्याच १६ एमबीत इंडेक्सचा (क्रमानं लावलेल्या शोधसूचीचा) भार धरूनही लाखांच्या घरात ओळी मावायला लागल्या. बाहेर नावाप्रमाणे क्रम लावताना पुन्हा सॉर्ट होतो, हे खरं. पण तो ४५ हजार ओळींचा, ९ लाख खेपांचा नव्हे.

कॉलमची मापंही कमी केली. त्याआधी कार लेंग्थचा मॅक्स (सर्वांत लांब नावात किती अक्षरं ते) काढून बघा, डोळ्यांनी मोजू नका; 'पांडुरंग'चं वर बघितलंच. गावाच्या नावाला ६० पुष्कळ झालं.

वहीच लागू नये म्हणून

इंडेक्सनं नोंदी हव्या त्या क्रमानं मिळाल्या तर खतावणी जागच्या जागी होते. आमची यादी नेहमी एका हंगामाची असते, म्हणून खेपांच्या टेबलावर हंगाम, शेतकरी, गाव, जात या क्रमानं एकच इंडेक्स केला. ग्रुप बायमधले कॉलम त्याच क्रमानं लिहिले. एक्स्प्लेनमधलं 'यूझिंग टेम्पररी' गेलं. वजन शेवटी जोडलंत तर टेबलाकडे जावंही लागत नाही, पण मग इंडेक्स फुगतो आणि वजनकाट्यावरच्या प्रत्येक नोंदीला तो भार पडतो. हंगामात काट्यापुढे ट्रॅक्टरांची रांग असते. मी नाही जोडलं.

जास्तीत जास्त ऊस घालणारा वर, असा क्रम मागितलात तर मात्र वही टळत नाही. बेरीज झाल्याशिवाय क्रम कळणार कसा? तसंच ग्रुप बायमध्ये दोन वेगवेगळ्या टेबलांचे कॉलम मिसळले तर कुठलाही एक इंडेक्स कामाला येत नाही.

आता मेमरीची सेटिंगं

हे सगळं करूनही डिस्कचा आकडा वाढत असेल तरच इथं या.

मी कुठं चुकले होते ते सांगते. मेमरी इंजिनाला दोन मर्यादा लागू होतात: टीएमपी टेबल साइझ आणि मॅक्स हीप टेबल साइझ. मुळात दोन्ही १६ एमबी, आणि दोहोंत जी लहान ती चालते. मी पहिली २५६ एमबी केली आणि दुसरीला हात लावला नाही. म्हणजे काहीच केलं नाही.

दुसरी गोष्ट, ही मर्यादा एका टेबलाची आहे, सगळ्या सर्व्हरची नव्हे. एका क्वेरीत दोन-तीन टेबलं असू शकतात. ५० कनेक्शनं एकाच वेळी ६४ एमबीचं एकेक टेबल धरून बसली की ३.२ जीबी गेली. म्हणून ग्लोबल, म्हणजे सगळ्या सर्व्हरचं, सेटिंग वाढवू नका. यादी काढणाऱ्या प्रोग्रामनं क्वेरीच्या आधी 'सेट सेशन' करून दोन्ही मर्यादा ६४ एमबी कराव्यात आणि काम झालं की पूर्ववत कराव्यात. एवढं पुरतं.

८.० मध्ये चित्र बदललं. कच्च्या वहीसाठी टेम्पटेबल नावाचं नवं इंजिन आलं आणि तेच मूळ ठरलं. यात व्हारकार आहे तेवढाच साठतो. 'पांडुरंग'ला १०२० बाइट जात नाहीत. ८.०.१३ पासून टेक्स्ट-ब्लॉबही मेमरीत राहू शकतात. ५.७ला मिळणारा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, तेव्हा आम्ही ८.०वर आलो. गंमत म्हणून जुनी जाडजूड क्वेरी चालवून बघितली, तर ती १६ एमबीत मावली.

पण ८.० मध्येही दोन खाचा आहेत. टेम्पटेबल मॅक्स रॅम ही मर्यादा सगळ्या सर्व्हरची मिळून आहे, मुळात १ जीबी. ती भरली की पुढचा माल, सेटिंगप्रमाणे, मेमरी मॅप केलेल्या फाइलींत (मेमरीसारख्या वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या फाइलींत) किंवा इनोडीबीच्या (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या इंजिनाच्या) डिस्कवरच्या टेबलांत जातो. मॅप केलेल्या फाइलींतली टेबलं डिस्कच्या त्या आकड्यात मोजलीच जात नाहीत! आकडा शून्य आणि डिस्क धडधडतेय असं दिसलं तर हे आठवा. दुसरी खाच ८.०.२८ ची. तोवर टीएमपी टेबल साइझ टेम्पटेबलला लागू नव्हती. त्या आवृत्तीपासून एकेका टेबलाला तीही लागू झाली. म्हणजे ८.०.२५ वर मजेत चालणारी २० एमबीची वही नुसतं अपडेट केल्यावर डिस्कवर जाऊ शकते, आणि तुम्ही तर काहीच बदललेलं नसतं.

डिस्कवर गेली म्हणजे लगेच पाप झालं असंही नाही. इनोडीबीचं टेम्पररी टेबल बफर पूलमधूनच (इनोडीबीच्या मेमरीतल्या साठ्यातूनच) जातं आणि त्याचा रीडू लॉग (सर्व्हर पडला तर बदल पुन्हा करायची नोंद) लिहिला जात नाही. छोटं असेल तर प्रत्यक्ष डिस्कला फारसा हातही लागत नाही. दिवसातून एकदा चालणाऱ्या यादीसाठी तीन सेकंद वाचवायला मी सर्व्हर ढवळणार नाही.

डिस्कलाही कुंपण घाला

त्या १४ जीबीचं काय झालं होतं? एका नव्या यादीत हंगामाची अट राहून गेली होती, आणि खेपांना हप्त्यांचं टेबल जोडलं होतं. ९ लाख खेपा, प्रत्येकीला चार-चार हप्ते, वर डिस्टिंक्ट. चाक फिरतंय म्हणून अण्णांनी बटण सात-आठ वेळा दाबलं. ब्राउझर बंद केला तरी सर्व्हरवर आधीची क्वेरी चालूच राहते, आणि प्रत्येकीची वही स्वतंत्र.

५.७ मध्ये डिस्कवरच्या या सगळ्या वह्या आयबीटीएमपी१ फाइलीत जातात. ती वाढते, पण रीस्टार्टशिवाय लहान होत नाही. आतली जागा मोकळी झाली तरी फाइल तेवढीच राहते. म्हणून इनोडीबी टेम्प डेटा फाइल पाथ या सेटिंगमध्ये ऑटोएक्स्टेंडच्या पुढे मॅक्स लिहून मर्यादा घाला. आम्ही ५ जीबी घातली. त्यापलीकडे गेलेली क्वेरी 'टेबल इज फुल' म्हणून मरते, बाकीचा कारखाना चालू राहतो.

८.० मध्ये डेटा डिरेक्टरीत हॅश (#) इनोडीबी टेम्प नावाचं फोल्डर असतं. त्यात दहा छोट्या फाइली सुरुवातीलाच तयार असतात आणि गरजेप्रमाणे सेशनला दिल्या जातात. कनेक्शन तुटलं की फाइल छाटून परत जागेवर ठेवली जाते. कनेक्शन तुटलं की, हे लक्षात घ्या. तुमचं ॲप्लिकेशन कनेक्शन पूल (तीच कनेक्शनं पुन्हा पुन्हा वापरण्याची सोय) वापरत असेल आणि कनेक्शनं दिवसेंदिवस उघडी ठेवत असेल, तर फुगलेली फाइल फुगलेलीच राहते. पूलला कनेक्शनचं कमाल आयुष्य ठरवून द्या. आम्ही अर्धा तास ठेवलाय.

सॉर्टच्या फाइली वेगळ्या. सॉर्ट बफर मुळात २५६ केबी. त्यात मावलं नाही की टीएमपीडीआयआरमध्ये (तात्पुरत्या फाइलींसाठी नेमलेल्या फोल्डरमध्ये) तात्पुरत्या फाइली होतात. लिनक्सवर मायएसक्यूएल या फाइली उघडल्या उघडल्या त्यांचं नाव पुसून टाकतं, म्हणजे सर्व्हर मध्येच पडला तरी कचरा उरत नाही. पण त्यामुळे 'डीएफ' (डिस्कची जागा सांगणारी कमांड) म्हणतं डिस्क भरली, आणि 'एलएस'ला (फाइलींची यादी देणारीला) फोल्डर रिकामं दिसतं. अशा वेळी 'एलएसओएफ'ला (उघड्या फाइली दाखवणारीला) अधिक एल१ (+L1) देऊन विचारा. नाव नसलेल्या उघड्या फाइली तिथं सापडतात. आणि टीएमपीडीआयआर टीएमपीएफएसवर (रॅममध्ये राहणाऱ्या फाइल सिस्टीमवर) असेल तर तुमची 'डिस्क' म्हणजे रॅमच आहे, हे विसरू नका. मेमरीतून उतू गेलेलं परत मेमरीतच ओतलं जातं.

तुमच्याकडे मायएसक्यूएलऐवजी पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर

तिथं हे बघणं सोपं आहे. 'एक्स्प्लेन ॲनलाइझ' द्या. सॉर्टच्या ओळीपुढे 'क्विकसॉर्ट, मेमरी' किंवा 'एक्स्टर्नल मर्ज, डिस्क' असं किलोबाइटांसह लिहून येतं. मर्यादा वर्क मेम या सेटिंगची, मुळात ४ एमबी, आणि ती प्रत्येक सॉर्टला, प्रत्येक हॅशला वेगळी. त्यामुळे सगळ्या सर्व्हरसाठी वाढवताना तोच गुणाकार करा. एका यादीपुरती हवी तर ट्रॅन्झॅक्शनमध्ये 'सेट लोकल' वापरा. लॉग टेम्प फाइल्स शून्यावर ठेवलंत तर डिस्कवर गेलेली प्रत्येक तात्पुरती फाइल लॉगमध्ये नोंदली जाते, आणि टेम्प फाइल लिमिट हे तिथलं कुंपण.

आमच्याकडे कुंपण घातल्यावर पहिल्याच पंधरवड्याला अण्णांचा फोन आला. "मॅडम, टेबल इज फुल म्हणतंय. कुठलं टेबल भरलं हो? इथं तर सगळी रिकामीच आहेत, पोरं च्या प्यायला गेलीत."

मी विचारलं, "अण्णा, हंगाम निवडलाय का?"

"थांबा." माउसचा आवाज. "नव्हता निवडला. आता निघाली बघा."